पाठ फिरवून पाहिलेला खेळ

"...मग बाई, यात चूक माझी कशी?"

प्रणाली इंगवले हे तिसऱ्यांदा विचारत होती.

मुल्लाणी बाई मैदानावर पांढऱ्या फक्कीची रेघ ओढत होत्या. रेघ संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

बाईंनी गडहिंग्लजच्या शाळेत तीस वर्षं खेळ शिकवला. निवृत्त झाल्या, तरी रोज सकाळी मुलींचा सराव घ्यायला मैदानावर असतात. प्रणाली त्यांच्याच हाताखाली तयार झाली. आता ती महिलांच्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये खेळते. गावातल्या चौकात तिचे फलक लागतात.

"पहिल्यापासून सांग," बाई म्हणाल्या.

"हंगाम चौदा सामन्यांचा. तेरा झाले. त्यांत माझे अकरा गोल. अख्ख्या लीगमध्ये एवढे कुणाचे नाहीत."

"आणि तुमचा संघ?"



"तळाला. रविवारी शेवटचा सामना. जिंकलो तर राहिलो, नाहीतर लीगमधून बाहेर, आणि सगळ्यांचे करार रद्द. आणि कोच म्हणतात, तू सुरुवातीला बाकावर बस. मी, बाई! गोल करणारी एकटी मी, आणि बाकावरही मीच?"

"कारण काय सांगितलं?"

"म्हणाले, तू मैदानात असलीस की बाकीच्या दहाजणी खेळायच्या थांबतात. आता त्या थांबतात, त्याला मी काय करू?"

"थांबतात का गं खरंच?"

बाईंच्या आवाजात राग नव्हता. त्यांना जाणून घ्यायचं होतं.

"मला काय माहीत? मी पुढं असते."

"हं..."

बाईंनी शिट्टी मारली. मुली आठ-आठच्या दोन गटांत वाटल्या गेल्या. खेळ सुरू झाला.

बाईंनी प्रणालीला खांद्याला धरून वळवलं. मैदानाकडे पाठ.

"बॉल कुणाकडे आहे, ते सांगत जा."

"न बघता?"

"बघून कुणीही सांगेल."

प्रणालीला गंमत वाटली. तिनं कान दिला.

मागून हाका येत होत्या. "सायली, इकडं!" "सायले, मागं बघ, मागं!"

"सायलीकडे."

"बरोबर."

"अमिना, मी मोकळी हाय!"

"अमिनाकडे... आता दीक्षाकडे... परत अमिनाकडे."

ती एकदाही चुकली नाही. तिचं तिलाच नवल वाटलं. इतकी वर्षं खेळून, बॉल कानांनीही दिसतो हे तिला ठाऊक नव्हतं.

मग हाका थांबल्या.

नुसता पळणाऱ्या पायांचा आवाज...

"आता?"

"कुणाकडेच नाही. बाहेर गेला असणार."

"वळ."

प्रणाली वळली. बॉल बाहेर गेला नव्हता. एक उंच, काटक मुलगी तो घेऊन निघाली होती. तिनं एकीला चकवलं, दुसरीला, तिसरीला. तिच्या गटातल्या मुली जिथल्या तिथं उभ्या होत्या. एक तर खाली वाकून बुटाची नाडी बांधत होती.

गोल झाला. देखणा गोल.

मुली आपापल्या जागी परत गेल्या.

"चांगली खेळते की," प्रणाली म्हणाली.

"सगळ्यांत चांगली."

"मग तिला कुणी हाक का मारत नाही?"

"जूनमध्ये मारायच्या."



प्रणालीला हंगामाचा पहिला सामना आठवला. तिच्या संघात डाव्या बगलेवर खेळणारी सनाथोई मणिपूरची. मराठी येत नाही, हिंदी जेमतेम. पण "प्रणाली! प्रणाली!" करून तिनं घसा बसवून घेतला होता. दोन दिवस गरम पाणी पीत होती.

आणि तेराव्या सामन्यात?

प्रणालीनं खूप आठवून पाहिलं...

दुपारच्या एसटीनं ती परत गेली.

रविवारी ती बाकावर बसली आणि कान देऊन राहिली. संघ नुसता कालवा करत होता. एकमेकींना बोलावत होत्या, सावध करत होत्या, शिव्याही देत होत्या. तळाचा संघ इतका बोलतो हे तिला नवीन होतं. एक गोल खाल्ला, एक फेडला.

पंचाहत्तराव्या मिनिटाला कोचनी तिला आत सोडलं.

ती गेली, आणि तिच्याभोवती गप्प झालं.

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला बॉल तिच्या पायात आला. समोर एक बचाव करणारी आणि गोलकीपर. असे गोल तिनं हंगामभर मारले होते.

तिनं बॉलवर पाय ठेवला. थांबली.

प्रेक्षक ओरडले, "मार की!" कोचनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले. बचाव करणारी धावून आली. प्रणालीनं बॉल तळपायाखाली मागे ओढला, अंगानं तिला अडवलं, आणि कान देऊन थांबूनच राहिली.

एक क्षण गेला. आणखी एक...

"...प्रणाली?"

डावीकडून.

तिनं बॉल दिला. सनाथोईनं मारला. गोलच्या खांबाला लागून तो बाहेर गेला.

सामना बरोबरीत सुटला. संघ लीगमधून बाहेर गेला.

बुधवारी प्रणाली गडहिंग्लजला आली. बाई मैदानाच्या कडेला जाळीची गाठ सोडवत बसल्या होत्या. ती त्यांच्याशेजारी मांडी घालून बसली.

"गेलो आम्ही, बाई."

"वाचलं पेपरात."

"मी स्वतः मारला असता तर गोल झाला असता."

"झाला असता."

"संघ राहिला असता."

"राहिला असता."

"तिनं हाक मारली आणि मी बॉल दिला. दहाजणींची नोकरी गेली, बाई. सनाथोई ड्रेसिंग रूममध्ये रडत होती... मी चुकले का?"

बाईंनी हातातली जाळी बाजूला ठेवली. 

मग जरा पुढे सरकून त्यांनी विचारलं,

"हाक मारताना आवाज कसा होता गं तिचा?"