शेकरूनं न ऐकलेला अंदाज

एक जंगल होतं, मुलांनो, असं ऐसपैस की त्याचे पाय समुद्राच्या वाळूत, पोट दरीत आणि डोकं थेट डोंगराच्या कड्यावर. त्या कड्यावरच्या एका जांभळीच्या शेंड्याला घरटं बांधून एक शेकरू राहत असे. शेकरू म्हणजे आपल्या अंगणातल्या खारीची डोंगरातली थोरली बहीण. तांबूस अंग, झुबकेदार शेपूट आणि उडी अशी, की बघणाऱ्याची मान दुखावी. त्या वर्षी तिच्या घरट्यात एक पिल्लू होतं. डोळे नुकते उघडलेले, फांदीची पकड अजून न आलेली. जगात तिला त्याच्याहून प्रिय काही नव्हतं. निदान तिला तसं वाटत होतं.

त्या जंगलाची एक रीत होती. चैत्राची पालवी फुटली की सगळे खिंडीतल्या सपाट दगडाभोवती जमायचे आणि पुढे हवा कशी राहील ते ऐकायचे. किनाऱ्याचं सांगायची टिटवी, दरीचं सांगायचा ससा आणि डोंगराचं सांगायची आपली शेकरू. हवा समुद्राकडून वर चढते, म्हणून बोलायचंही त्याच क्रमानं. आणि बोलणाऱ्याचं बोलणं संपेपर्यंत कुणी जागचं उठायचं नाही, हा नियम.

खरं सांगायचं तर शेकरूला या क्रमाचाच राग होता. तिची पाळी येईतो निम्मी मंडळी पेंगायला लागत. टिटवी बोलताना मात्र सगळे कान टवकारून बसत. "टिटवीबाई सांगतील ते खरं," असं रानडुक्करसुद्धा म्हणे, आणि ते ऐकलं की शेकरूच्या नाकाला मिरच्या झोंबत.

"काय ते काटकुळे पाय! काय तो चिरका आवाज!" पिल्लाला चाटता चाटता ती पुटपुटे. "उघड्यावर अंडी घालणारी ही! हिला साधं घरटं बांधता येत नाही, आणि म्हणे हवा कळते!" पिल्लाला बिचाऱ्याला काय समजणार? ते आपलं चुटूचुटू दूध पीत राही.

तर त्या चैत्रातही सगळे जमले. टिटवी दगडावर चढली आणि म्हणाली, "मंडळी, किनाऱ्यावर खारा वारा कोंडलाय. खेकड्यांनी बिळांची तोंडं बुजवलीत. आमच्याकडे नुसता उकाडा होईल, दरीत वावटळ उठेल. पण डोंगरवाल्यांनो, तुम्ही सांभाळा! वर गारा पडतील. शेंड्यावरची बिऱ्हाडं उद्या दुपारच्या आत खाली कपारीत हलवा."

"वा, टिटवीबाई, वा! तुमच्यासारखं जाणतं कुणी नाही!" एकच गलका झाला.

"अहो, थांबा! माझं बोलणं संपलं नाही अजून," टिटवी म्हणाली. पण शेकरू केव्हाच उठली होती. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

"डोंगराचं सांगणारी मी इथे जिवंत बसलेय, आणि ही वाळूतली उपटसुंभ माझ्या डोंगरावर गारा पाडते!" ती कडाडली. "टिटवी ओरडली की अशुभच व्हायचं. तिच्या तोंडून दुसरं काय येणार? ऐका माझं! डोंगरावर लख्ख ऊन राहील. एक गार पडणार नाही. माझं पिल्लू शेंड्यावर आहे आणि शेंड्यावरच राहील!"

एवढं बोलून ती फांद्यांवरून उड्या मारत निघून गेली. संध्याकाळी बिचारा ससा धापा टाकत जांभळीखाली आला आणि म्हणाला, "शेकरूताई, टिटवीबाई शेवटी काय म्हणाल्या ते तरी ऐक!"

"तिचं नाव काढलंस तर जांभळीची फांदी टाकीन डोक्यात!" शेकरू वरून ओरडली. ससाच तो, कान पाडून पळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून डोंगर रिकामा व्हायला लागला. वानरं पोरांना पोटाशी धरून उतरली. खारी उतरल्या, घुबडानंही ढोली सोडून कपार गाठली. शेकरू सगळं वरून पाहत होती आणि दातओठ खात होती. दुपारी समुद्राकडून काळंनिळं आभाळ चढलं. पान हलेना. शेकरूच्या मिशा शिरशिरल्या. अहो, सारा जन्म डोंगरावर गेलेली ती, तिला का कळलं नसेल? पिल्लाला उचलायला ती वाकलीसुद्धा. तेवढ्यात तिच्या मनात आलं, 'आत्ता खाली गेले तर सगळे म्हणतील, बघा, टिटवीचंच खरं झालं! नको गं बाई. जरा वेळ बघू.' आणि ती परत बसली. स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणं म्हणतात ते हेच.

मग तडतड सुरू झाली. पहिल्या गारा पानांवर आल्या, पुढच्या घरट्यावर. शेकरू पिल्लावर पालथी पडली. शेंडा गदागदा हलला, घरट्याची एक बाजू उसवली आणि लिंबाएवढी गार आत शिरून पिल्लाच्या पाठीत बसली. पिल्लू एकदाच चिरकलं आणि गप्प झालं. तेव्हा कुठे शेकरूचा सगळा ताठा गळाला. तिनं पिल्लू तोंडात धरलं आणि गारांचा मार खात, फांद्यांवरून घसरत, धडपडत ती कपारीशी आली.

आत सगळं जंगल बसलं होतं. तोंडात पिल्लू असल्यामुळे तिला एक शब्द बोलता येईना. कुणी हसलंही नाही. टिटवी तेवढी पुढे आली.

"इकडे ठेव त्याला. तुझी जागा राखून ठेवलीय मी," ती म्हणाली. अंडी उबवायला बसावं तशी ती त्या गार पडलेल्या पिल्लावर पंख पसरून बसली. शेकरू समोर उभी, डोळ्यांतून घळाघळा पाणी. बाहेर गारा थांबल्या, पाणी निथळायला लागलं, तरी पिल्लू हलेना. मग एकाएकी टिटवीच्या पंखाखालून बारीकसं "चिक्" ऐकू आलं. शेकरूनं झडप घालून पिल्लाला पोटाशी घेतलं.

मग ती हळूच म्हणाली, "टिटवी, माझं चुकलं गं. पण एक सांग, तिकडे समुद्रावर बसून तुला माझ्या डोंगरावरच्या गारा कशा कळल्या?"

"मला कुठल्या कळायला?" टिटवी म्हणाली. "मला फक्त समुद्राचं कळतं. दरीतली वावटळ सशाकडून ऐकलेली. गेल्या चैत्रात तूच नव्हतं का सांगितलंस, खाली खारा वारा कोंडला की वर गारा पडतात म्हणून? बाकीचे पेंगत होते. मी ऐकत होते. काल शेवटी मी तेच सांगितलं, हे शहाणपण माझं नव्हे, शेकरूताईचं आहे. सगळ्यांनी तुझ्या नावानं वाहवा केली. ससा तेच सांगायला आला होता तुला."

शेकरूनं सशाकडे पाहिलं. सशानं मान खाली घातली. मग तिनं पिल्लाची दुखरी पाठ चाटायला घेतली, आणि कितीतरी वेळ ती चाटतच राहिली.

तात्पर्य : दुसऱ्याचं कौतुक सोसवत नाही म्हणून जो कान बंद करतो, त्याला त्यातलं स्वतःचं कौतुकही ऐकू येत नाही.