दुसरा द्रोण

एका रानात वाघाचं राज्य होतं. "पाणवठा सगळ्यांचा आहे," असं खारीचा लेक मोठ्याने म्हणाला म्हणून वाघाने त्याला गुहेत कोंडलं. किती दिवसांसाठी, ते कुणी सांगेना.

खार रोज द्रोणभर बोरं आणायची. संध्याकाळी पहारेकरी कोल्हा रिकामा द्रोण परत द्यायचा. "सगळी खाल्ली हो त्यानं. मजेत आहे."

खारीला पटेना. तिचा लेक लहानपणापासून आईसाठी एक बोर ठेवूनच खायचा.

एके दिवशी तिने दोन द्रोण आणले.

"एक तुमचा, दादा. पोटभर खा. दुसरा तेवढा आत द्या."

कोल्ह्याने मान खाली घातली.

संध्याकाळी दुसऱ्या द्रोणाच्या तळाशी एक बोर होतं. खारीने ते गालात धरलं. लेक सुटेपर्यंत त्याला दात लावायचा नव्हता.