जुनी डिस्क आणि तिची नक्कल

संगणक खोक्याएवढे असायचे तेव्हाची गोष्ट. एका संगणकात एक जुनी डिस्क एकटीच गरगरत असे. ती कधीही बंद पडेल म्हणून मालकिणीने बाहेरून नवी डिस्क जोडली आणि जुनीतलं सगळं तिच्यात जसंच्या तसं उतरवलं. बोलायला कुणीतरी मिळालं म्हणून जुनी हरखली.

"धाकटे, सहलीच्या फोटोंची गंमत सांगू?"

"सगळ्यांचे डोळे मिटलेत. माहीत आहे, ताई."

"बरं, ते गाणं..."

"मध्येच अडकतं. तेही माहीत आहे."

जुनीला पूर्वीपेक्षाही एकटं वाटलं. संध्याकाळी नवी कपाटात गेली.

ती परतली थेट दिवाळीत. "कपाटात कुणीच नव्हतं, ताई," ती हळूच म्हणाली. "फक्त एक पाल यायची."

"पाल? हे मला ठाऊकच नाही," जुनी म्हणाली. "सांग ना."