समुद्राची चिमूटभर भूक

फार जुनी गोष्ट. समुद्राकाठी एक राज्य होते आणि तिथल्या लोकांना आपल्या पांढऱ्या भिंतींचा मोठा अभिमान होता. दरवर्षी सणाला घरोघरी चुना लागे. पण सण सरून आठ दिवस होतात न होतात, तोच लाल माळावरून वारा सुटे. लोखंडाच्या गंजासारखी धूळ भिंती माखून पुढे समुद्रावर निघून जाई.

राजा चिडला. माळाच्या कडेला त्याने बांबूच्या उंच तट्ट्या उभ्या केल्या. धूळ अडली. आनंदाच्या भरात त्याने गडाचे बुरूज, देवळे, विहिरींचे काठ, सारेच चुन्याने रंगवायला सांगितले. चुन्याच्या भट्ट्या बाराही महिने धुमसू लागल्या.

पाच वर्षांत समुद्र काचेसारखा नितळ झाला. राजाने कोळीवाड्याच्या पाटलिणीला मुद्दाम बोलावून तो दाखवला. "बघ, तळ दिसतो."

"रिकाम्या भांड्याचाही दिसतो, महाराज," ती म्हणाली.

मग तिने शांतपणे सांगितले, की जाळ्यात मासा येत नाही. एवढा हंगाम वाट पाहू, नाहीतर कोळीवाडा उठून दुसऱ्या राज्यात जाईल.

उकाडाही वर्षागणिक वाढत होता, ते राजाला जाणवत होतेच. दोघे होडीतून खोल पाण्यात गेले. तिथे एक म्हातारे कासव राहत असे. त्याला समुद्राचा तळ ठाऊक होता.

कासव म्हणाले, "पाण्यात डोळ्यांना न दिसणारी हिरवळ असते. मासे तिच्यावर जगतात. तुझ्या भट्ट्या हवेत जे सोडतात आणि ज्याने उकाडा वाढतो, त्यातलेही काही तीच गिळते, आणि मेली की ते पोटात घेऊन तळाशी जाते. तिला इथे सारे मिळते, लोखंड तेवढे मिळत नाही. ते चिमूटभर तुझा वारा आणत होता."

"एवढेच ना," राजा म्हणाला. त्याने जुन्या तलवारी, नांगराचे फाळ, तुटक्या साखळ्या गलबतांत भरून समुद्रात ओतल्या. सारे दगडासारखे बुडाले. पाणी होते तसेच राहिले.

कासवाने डोके वर काढले. "राजा, मुंगीला साखरेचा कण हवा होता. तू तिच्या अंगावर उसाची मोळी टाकलीस."

त्याच दुपारी राजाने पहिली तट्टी स्वतःच्या हाताने उपटली. निम्म्या भट्ट्या विझवल्या. भिंती पुन्हा लाल होणार म्हणून लोक कुरकुरले. त्याने ते ऐकून घेतले आणि दुसऱ्या तट्टीला हात घातला.

वारा आला. महिनाभरात पाण्यावर हिरवट झाक दिसू लागली. हंगाम सरता सरता जाळी जड झाली आणि कोळीवाडा जागचा हलला नाही.

उकाडा मात्र लगेच उतरला नाही. वर्षानुवर्षे हवेत साचलेले एका वाऱ्याने खाली येत नाही. राजा त्या उकाड्यातच गेला. गार झुळूक लाभली ती त्याच्या नातीला.

म्हणून आपल्या डोळ्यांत खुपणारी गोष्ट अडवण्याआधी, ती कुणाच्या पोटात जाते ते विचारावे.