दाराच्या कडीची गाठ

काळोखातून जहाज न्यायचं असेल, तर मंडळी, विश्वास कोणावर ठेवाल? तांडेलावर, वाऱ्यावर, की बोलणाऱ्या पाखरावर? मी जन्मभर मिरी-सुपारी विकली. गोड बोलणारा दलाल मी दुरूनच ओळखतो. हे पाखरू मात्र कडू बोललं. बसा, पान घ्या, सांगतो.

एका राज्यात, समुद्राच्या काठी, रत्नकेतू राजाचं बंदर होतं. कालदंष्ट्र मांत्रिकाने युद्ध पुकारलं आणि बंदराभोवती मंतरलेल्या गलबतांची तीन कडी घातली. जाणाऱ्याला ती सोडीत, परतणाऱ्याला बुडवीत. बाहेरचा दाणा आत येईना. चुली विझल्या, पाळणे थांबले. एक जहाज जरी तिन्ही कडी ओलांडून आत आलं, तर शाप तुटणार होता. एकही आलं नव्हतं.

गोमाजी तांडेल तांदूळ भरून बेटावरून परत निघाला, तेव्हा एक करडं पाखरू डोलकाठीवर बसलं. म्हणालं, पहिल्या कड्याला उजेड दिसतो. गोमाजीने चूल विझवली. खलाशांनी तांदूळ कच्चेच चावले. दुसऱ्या कड्याला आवाज कळतो. त्यांनी वल्ह्यांना घोंगड्या गुंडाळल्या. दोन्ही कडी मागे पडली.

"आणि तिसरं?"

"तिसरं गाठीच्या मागावर येतं."

त्या बंदरी रीत अशी, की घरधनी समुद्रावर गेला की बायकोने दाराच्या कडीला सुतळीची गाठ मारावी आणि ती त्यानेच परतून सोडवावी. खलाशांच्या दारांवर गाठी उरल्या नव्हत्या. त्यांची घरं भुकेने ओस पडली होती. गोमाजीची बायको वेणू तेवढी जिवंत होती. तिने गाठ सोडली तरच जहाज दिसेनासं होणार होतं. पण गाठीबरोबर नवराही तिच्या आठवणीतून पुसला जाणार होता.

"हे मी तिला सांगणार नाही," गोमाजी म्हणाला, आणि वल्ही थांबवली.

पाखरू न विचारताच उडालं आणि वेणूच्या दाराच्या कडीवर जाऊन बसलं. वेणूने सगळं ऐकून घेतलं. तिने विचारलं, वाट तर सगळं शहर पाहतंय, त्याच्या मागावर येणार नाही का ते कडं? पाखरू म्हणालं, शहर तांदळाची वाट पाहतं, माणसाची तू एकटी.

"वाळलाय का हो तो?"

"वाळलाय."

"मग आधी त्यालाच पेज घाला म्हणावं. लाजतो मेला मागायला."

खारं वारं पिऊन गाठ घट्ट झाली होती. वेणूने ती दातांनी सोडवली. मग कडीवरच्या पाखराकडे पाहून तिने "हाड" केलं.

जहाज आत आलं. मंतरलेली गलबतं ओंडके होऊन किनाऱ्याला लागली, कालदंष्ट्राची जीभ दगडाची झाली. राजाने गोमाजीला शेला दिला. शेला खांद्यावर टाकून गोमाजी धक्क्यावर तांदूळ मापू लागला. रांगेतून वेणू पुढे आली, तिने पदर पसरला.

"दादा, थोडेच घाला," ती म्हणाली. "घरी मी एकटीच असते."

गोमाजीने माप भरलं. एकही दाणा सांडू दिला नाही.

दरबारात त्या दिवशी नुसता नफा लिहिला गेला. तुम्ही तसं करू नका, मंडळी. हिशेब खरा ठेवा. काय आलं ते लिहाल, तिथेच काय गेलं तेही लिहा.