दगडाखालचा पहारा

पृथ्वीच्या दक्षिण टोकाला, जिथे वर्षातले जेमतेम दोन महिने बर्फ वितळतो, तिथे एका दगडाखाली तिळापेक्षाही लहान किड्यांची वस्ती होती. शेवाळ खायचं आणि उन्हात उड्या मारायच्या, एवढंच त्यांचं काम.

त्यांतला एक किडा फार संशयी होता. कोणी हसलं तरी त्याला वाटायचं, आपल्यालाच हसलं.

वाऱ्याला धार आली, तशी वस्तीतल्या म्हाताऱ्या आत्याने खाणं सोडलं. तिने सगळ्यांना सांगितलं, की आता पोट रिकामं करा आणि सावलीत जाऊन गारवा अंगाला लागू द्या. पोटात अन्नाचा कण राहिला, तर आधी त्याच्याभोवती बर्फ धरतो आणि मग अख्खं अंग गोठतं.

संशयी किड्याला यात काळंबेरं दिसलं. भरात आलेलं शेवाळ सोडून उपाशी कोण राहील? आपण बाजूला झालो की ही एकटी सगळं फस्त करणार. त्याने तिला विचारलं, "गोठायचं कसं नाही, हे तुला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही," आत्या म्हणाली. "आईबापांकडून आपल्या अंगात जनुकं येतात, त्यांतच ते लिहिलेलं असतं. गारवा लागला की ती जागी होतात. मग अंग आपणहून पाणी कमी करतं, साखर वाढवतं. तुझ्याही अंगात तेच आहे. फक्त त्याला थोडे दिवस दे."

त्याला ते पटलं नाही. तो शेवाळापाशी, उन्हाच्या जागी पहाऱ्याला बसला आणि आत्याला काही उरू नये म्हणून भूक नसतानाही खात राहिला. आत्या तिकडे फिरकलीच नाही. तेव्हा त्याला वाटलं, हिने नक्की दुसरीकडे साठा केला असणार.

त्याच्या बायकोनेही खाणं थांबवलं. आत्याने हिलाही फितवलं, असं म्हणून त्याने तिच्याशी बोलणं टाकलं. सावलीकडे जाताना ती म्हणाली, "अहो, आत्याचं राहू द्या. माझ्यासाठी तरी चला." त्याने पुढचा घास तोडला.

एका दुपारी वादळ आलं आणि सगळं गोठलं.

कित्येक महिन्यांनी बर्फ वितळला. सुकून सुरकुतलेले किडे पाणी शोषून हळूहळू हलू लागले. बायको शेवाळापाशी गेली. नवरा तिथेच होता, तोंडातला घास तसाच. तिने त्याला हलवून पाहिलं, पुन्हा हलवून पाहिलं.

आत्या तिच्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "वाचायची सोय त्याच्याही अंगात होती, पोरी. माझ्यावर नजर ठेवण्यात त्याचे दिवस गेले."

या गोष्टीतून घ्यायचं ते एवढंच: जो दुसऱ्यावर संशय घेण्यात वेळ घालवतो, त्याला स्वतःच्या अंगचं बळ जागं करायला वेळ उरत नाही.