न दिसलेली गाडी

सांजेला डेअरीत दूध घालून परतताना सगुणाबाई समोरून आलेल्या गाडीच्या दिव्यांच्या झोताने दिपल्या आणि स्कूटरसह चरीत पडल्या. हात मोडला, गाडी थांबलीही नाही. तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष मी, प्रकाशशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. मी नंबर विचारला, रंग विचारला.

"दिसला नाही, सर."

आता न्याय कसा द्यायचा?

सगुणाबाईंनी मात्र बागायतदार तात्यासाहेबांचं नाव घेतलं. तात्यासाहेब हसले. "काहीच दिसलं नाही, मग माझंच नाव कसं घेता, बाई?"

"आपल्या घाटात सगळे समोरच्यासाठी दिवा खाली करतात, तात्या. गाडी दिसते, माणूस दिसतो, रामराम होतो. काहीच दिसत नाही अशी गाडी गावात एकच आहे."

मी तात्यासाहेबांकडे पाहिलं.

"ड्रायव्हरला शंभरदा सांगितलं होतं, दिवे खाली कर म्हणून!" तात्यासाहेब ओरडले, आणि आपण काय बोललो ते कळताच मटकन खाली बसले.